उतारावर भरून काढू

दरवर्षी ऑक्टोबरात, सातवीच्या वर्गात,
फळ्यावर मी तोच घाट काढते.
चढ साठ किलोमीटर, उतार साठ.
चढताना ट्रकचा वेग ताशी वीस, उतरताना साठ.
सरासरी सांगा.

चाळीस! सगळे एका सुरात.
वीस अधिक साठ, भागिले दोन,
मागच्या बाकावरचा एर्मेक तर हातसुद्धा वर करत नाही.

मी लगेच चूक म्हणत नाही.
खडू झटकते. नारीनच्या बाजूचं आभाळ बघते.

वडिलांचा ट्रक निळा होता,
गवताच्या गठ्ठ्यांनी गळ्यापर्यंत भरलेला.
परीक्षा नऊला. आम्ही सहाला निघालो.
त्यांनी बोटांवर हिशेब केला होता:
एकशेवीस किलोमीटर, ताशी चाळीस,
म्हणजे तीन तास. पुष्कळ झाले.

मग घाट लागला, आणि दुसरा गिअर
काही सुटेना.
एका वळणावर कुणाच्या तरी घोडी रस्त्यात उभ्या,
शिंगरू आचळाला लागलेलं,
हॉर्न वाजवायला वडिलांचा हात होईना.

माथ्यावर त्यांनी बॉनेट उघडलं, किटलीतलं पाणी ओतलं.
मला कुरुत दिला, वाळल्या दह्याचा गोळा,
खारट, खड्यासारखा.
म्हणाले, काळजी करू नकोस,
उतारावर भरून काढू.

माझ्या मनगटावर नऊ वाजले होते.

तीन तासांची वाट, आणि तिन्ही तास
चढानंच खाल्लेले.
आता पुढचे साठ किलोमीटर
एका क्षणाच्याही आत पार व्हायला हवे होते.
गरुडाला नाही जमायचं ते, गोळीलाही नाही.
मी कुरुत गालात धरून बसले, चावला नाही.

वडिलांना कळलं होतं का, कोण जाणे.
ट्रक त्यांनी असा सोडला
की गठ्ठ्यांची दोरी शिट्टी वाजवू लागली,
ब्रेकचा जळका वास थेट डोळ्यांत,
काटा साठवर थरथरत, आणि ते
स्टिअरिंगवर पुढे वाकलेले,
जणू छातीनंच ढकलत होते.

दहाला पोचलो.
झोया पेत्रोव्हनानं काचेआडून नुसते हात पसरले.
वडील टोपी काढून पायरीवर उभे राहिले,
बराच वेळ,
ट्रकचं इंजिन चालूच.

ते वर्ष मी कुरणावर काढलं, घोडींचं दूध काढत.

किलोमीटर नका मोजू, मी वर्गाला सांगते, तास मोजा.
वीसच्या वेगात तुम्ही तीन तास होता,
साठच्या वेगात एकच.
कुरकुरत, खोडत, पोरं तिसावर येतात.

यंदा एर्मेकनं विचारलं,
मग बाई, चाळीस यायला
उतारावर किती जोरात जायला हवं होतं?

काढून बघ, म्हटलं.
आणि खिडकीशी गेले.
खाली कुणाचा तरी ट्रक घाटाला लागत होता,
दिसायच्या आधी त्याचा आवाज आला,
दुसऱ्या गिअरचा.