दिवसातून चार वेळा

मुहर्रकच्या खोलीत, एसीखाली,
धनाजीमामा मान मागे टाकून बसतात.
मी वाकतो. पापणी ओढून एक थेंब.
"झोंबतंय की रं."
"मध आहे, मामा."
"मध कधी झोंबतो व्हय?"

चाळीस वर्षं सोन्याची गलाई,
भट्टीपुढे डोळ्यांत तेल घालून.
कुणाच्या तोळ्यात कणभर घट आली नाही.
मार्चात मोतीबिंदू काढला तेव्हा हसले,
म्हणाले, या बेटावर बुडी न मारता
मोती देणारा मीच.

आता डोळे चरचरीत, वाळूचे.
तिकडे विट्यात त्यांची आक्का गेली,
माझी आई,
फोन हातात धरून बसले होते,
तेव्हाही कोरडेच.

दुसरा थेंब. पाणी गालावरून
बनियनवर. पुसू देत नाहीत.
"ऱ्हाऊ दे," म्हणतात, "मधाचं हाय."