गुरुवार, साडेसहा

पत्ता मिळाला तो दवाखान्याच्या मोरीत,
साबणाच्या वर, ओल धरलेल्या कागदावर.
खालच्या चिठ्ठ्या लोकांनी फाडून नेलेल्या,
एकच उरली होती.
ती फाडायचा धीर झाला नाही.
नंबर तळहातावर लिहून घेतला
आणि लगेच, सवयीने, हात धुतले.

परत वर पाहिलं तर ती चिठ्ठीही नव्हती.
म्हणजे माझ्या मागे कुणीतरी उभं होतं.

बंदराजवळचं सभागृह, दुसरा मजला,
एवढं डोक्यात राहिलं. वार पुसला गेला.
मंगळवारी गेलो.
कुशिरोचं धुकं जिन्यापर्यंत सोबत आलं.
वर सात बायका फुलं रचत होत्या.
‘बसा,’ म्हणाल्या. बसलो.
ताकाला जाऊन भांडं लपवतात तसा
तासभर एक वाळकी फांदी
खिळ्यांच्या तबकात रोवत राहिलो.
ती पडायची. हात माझे असे.
कानेहिराबाई स्वतःच्या फुलांवरून नजर न काढता म्हणाल्या,
‘तुमचं गुरुवारी असतं. साडेसहाला. इथेच.’

गुरुवारी साचिए म्हणाली, मीही येते.
इथे बायकाही येतात, बोलतातही,
हे तिला माझ्याआधी कुठून कळलं?

दाराबाहेर चौदा जोड.
कोळ्याचे गमबूट, नर्सचे पांढरे बूट,
एक शाळकरी पोरीचा जोड, बापाच्या बुटांना खेटून.
सगळ्यांची टोकं बाहेरच्या दिशेला.
रीतच आहे आमच्यात तशी,
पण त्या दिवशी वाटलं, सगळेच पळायच्या बेतात.
मीही तसेच लावले.

आत नियम एकच.
बोलून सोडायचं, ऐकून सोडायचं.
सल्ला नाही, शाबासकी नाही,
समजुतीची मानसुद्धा हलवायची नाही.

साचिए उभी राहिली. पदवीदान असल्यासारखी, ताठ.
‘मी यांच्या बाटलीत पाणी घालायचे.
रोज थोडं. अकरा वर्षं.’

ते मला माहीत होतं.
पहिल्याच घोटाला कळलं होतं.
म्हणून तर मी दुसरी ठेवायचो,
घराबाहेर, केरोसीनच्या टाकीमागे.

‘टाकीमागच्या बाटलीतही,’ ती म्हणाली.

मग आठवला तो फेब्रुवारी.
ती बाटली गोठून तडकली होती,
आणि मी दुकानदाराची गचांडी धरली होती,
भर चौकात, भेसळ करतोस म्हणून.
त्यानंतर तो मला पाहिला की शटर ओढायचा.
बत्तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली मी.
पाणी कधी गोठतं
ते मला कुणी शिकवायला हवं होतं?

कुणी हसलं नाही.
हसले असते तर बरं झालं असतं.

माझी पाळी.
‘मी इसोगाई तामोत्सु.
आज चौथा दिवस.’
पुढे काही आलं नाही.
खोली थांबली. कुणी शब्द पुरवला नाही,
कुणी घड्याळ पाहिलं नाही.
बाहेर भोंगा वाजत होता, न दिसणाऱ्या बोटींसाठी.
बराच वेळ उभा होतो. मग बसलो.

शेजारी एक पोरगा, पंचविशीचा असेल.
फोनच्या पारदर्शक कव्हरात
ओल लागून सुकलेली एक चिठ्ठी.
त्याची पाळी आली, तो म्हणाला, ‘पुढचे.’
मी काही बोललो नाही. नियमच तसा.
पण जिन्यात त्याच्या मागे राहिलो,
एक पायरी सोडून.

साचिए घरी जाताना गप्प होती.
पुलावर म्हणाली,
‘त्या दुकानदाराकडे मीच जाऊन आले होते तेव्हा.
काचेचे पैसे दिले.’
कुठली काच, मला आठवत नाही.
अजून विचारलेलं नाही.

यंदा कागद मी लिहिला.
वार ठळक, सगळ्यात वर.
साबणापासून लांब चिकटवला.

मंगळवारीही जातो.
फांदी अजून पडते.