काटकसरीच्या उलट

पहिले सात प्रश्न तिने सोडून दिले.
कागदावर एक उलगडलेला खोका, सपाट, पंख पसरून पडलेला,
खाली चार चित्रं. घडी घातल्यावर
यातलं कुठलं होईल?
सिनिक्का म्हणाली, बाबा, मला हे दिसतच नाही.

मी एकतीस वर्षं पुठ्ठ्याच्या गिरणीत.
मला दुसरं काही दिसत नाही.
उठलो. कपाटातून ओटचा खोका काढला,
उरलेले ओट पातेल्यात ओतले,
शिवणीत सुरी घालून खोका टेबलावर निजवला.
ही पाठ. ही जीभ. जीभ इथून आत जाते,
म्हणून चित्रातला हा टोपीवाला माणूस
झाकणाशेजारी येणं शक्यच नाही.
डोळ्यांनी नको. बोटांनी बघ.

त्या आठवड्यात घरातले सगळे खोके कापले,
बिस्किटांचे, बुटांचे, तिच्या आईच्या गोळ्यांचा.
तो मात्र मी रात्री परत चिकटवून ठेवला.

अपूर्णांक तिचे तिने केले,
बेकरीतल्या रात्रपाळीत, मैद्याच्या पोत्यांवर पेन्सिलीने.
पळणं माझ्या गाडीच्या उजेडात.
थंडर बे, पहाटेचे पाच, उणे बावीस.
कर्लिंगच्या हॉलमागे वीस मीटर मोजून
दोन टोकांना दोन बादल्या.
फोन पिंकायचा, ती वळायची,
पिंकायचा, वळायची,
दोन पिंकण्यांमधला वेळ आटत जायचा.
तिच्या पापण्या पांढऱ्या.
मी आत, मांडीत कॉफीचा थर्मास.
थोडी लाज वाटायची.

रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या पिशव्या, एकेक वीस किलोची,
अंगणातून गॅरेजात, गॅरेजातून अंगणात.
पेल्टोलाबाई खिडकीतून ओरडल्या,
एकदा काय ते ठरवा, कुठे ठेवायच्यात!

राखीव दल. आठवड्याची एक संध्याकाळ,
महिन्याचा एखादा शनिवार-रविवार,
उन्हाळ्यात पायाभूत प्रशिक्षण.
त्यासाठी चादरीचे कोपरेही शिकून झाले,
पंचेचाळीस अंशांत मुडपलेले.
स्वतःचा पलंग बिघडू नये म्हणून
महिनाभर ती सोफ्यावर झोपली.
का जातेस, मी विचारलं नाही.
एकदा तिनेच सांगितलं,
बाबा, तिथे पाव फुगतो. मी नाही.

परीक्षेच्या सकाळी पलटणीच्या विटांच्या इमारतीसमोर गाडी लावली.
अकरा पायऱ्या.
ती दार उघडणार, तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं,
मीही चढलोय या. एकोणऐंशी साली.

माहितीये. मग तुझा गुडघा गेला.

गुडघ्याला काही झालं नव्हतं.
म्हणजे, अक्कल तेवढी तिथे होती.
खोके सगळे बरोबर आले. मी शब्दांत गेलो.
काटकसरीच्या उलट काय, असं होतं, इंग्रजीत.
घरात आम्ही फिनिश बोलायचो,
आणि आमच्या घरात काटकसरीच्या उलट
कुठल्याच भाषेत काही नव्हतं.
तुझ्या आईलाही मी गुडघाच सांगितला.
अडतीस वर्षं तिने त्याला तेल चोळलं.

सिनिक्का काचेतून बाहेर बघत राहिली.
मग म्हणाली, कुठला गुडघा?
उजवा, मी म्हणालो.
थांबलो.
की डावा.

तेव्हा ती हसली, इतकी, की काचेवर वाफ धरली,
आणि तशीच उतरली,
दोन-दोन करत पायऱ्या चढली,
शेवटची एकटी उरली तिच्यावर क्षणभर उभी राहिली.
दार जड आहे. अजून तसंच जड.

मी थांबलो अडीच तास.
गाडी बंद करून घोंगडी पांघरायची, ही आमची रीत,
बापाची, त्याच्या बापाची.
मी इंजिन चालू ठेवलं.
हीटर शेवटच्या आकड्यावर, दोन्ही बाजूंचा,
तिच्या रिकाम्या सीटवरचासुद्धा.
काटा खाली येत गेला.
पाव टाकी जळाली असेल, तेव्हा तो शब्द
कुठूनसा आला.
उधळ्या.
मी तो मोठ्याने म्हणून बघितला.