गालातली कोठी

पहाटे पाचला बेकरीतून येते,
बाहीवर राईचं पीठ, बुटांना बर्फ.
ओउलूत जानेवारीमध्ये पहाट हा शब्द
नुसता घड्याळापुरता.
घरात एकटी कौरा जागी.
चाकावर धावतेय, कुठेही न पोचता,
आणि चाक कुरकुरतंय.
त्याला यंत्राचं तेल लावायचं नाही, चाटेल ती.
सूर्यफुलाचा एक थेंब, बोटाच्या टोकाने.
दुकानातल्या म्हाताऱ्या हिल्काने सांगितलंय.

आणखीही सांगितलं होतं तिने:
पाण्याने अंघोळ नको,
बशीभर वाळू ठेवा, तिची ती लोळते.
काकडीची चकती नखाएवढी. संत्रं अजिबात नाही.
झोपलेली असताना उचलू नका,
तुम्हाला तरी आवडेल का?
आणि दोन हॅमस्टर
कधीही एका पिंजऱ्यात ठेवू नका.

हे शेवटचं मी ऐकलं नाही.
ओत्सोला दोन हव्या होत्या,
एकीला करमणार नाही म्हणाला.
महिनाभर झोपल्या एका घरट्यात,
कौराचं नाक पापूच्या पोटात.
मग एका रात्री कागदाच्या कपट्यांवर रक्त,
पापूचा कान फाटलेला.
भांडण कशावरून, ते पिंजऱ्यालाच ठाऊक.
हिल्का काही बोलली नाही.
दुसऱ्या पिंजऱ्याचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

त्याच वर्षी राइने नदीपलीकडे राहायला गेला.
दुसरा पिंजरा मांडीवर घेऊन, बसने.

दर शुक्रवारी ओत्सो पूल ओलांडतो,
खिशात कौराच्या वाट्याचे ओट, पापूसाठी.
रविवारी परततो, खिशात भोपळ्याच्या बिया.
तिकडचं मी विचारत नाही.
बिया भाजलेल्या असतात, मीठ न लावता.
म्हणजे शिकला राइने.

त्या रात्री वीज गेली.
मी आले तर चाक गप्प.
ओत्सो कोट चढवून पिंजऱ्यापाशी,
ओंजळीत कौरा,
शिळ्या पावासारखी गार, घट्ट.
रडत नव्हता तो.
पुरायचं कसं, एवढंच विचारत होता,
"जमीन तर लोखंड झालीय, आई.
आणि चहाचा डबा चालेल का?"

मी फोन लावला. सहा महिन्यांत पहिल्यांदा.
राइने झोपेतच म्हणाला, पुरू नकोस.
थंडीत त्या असं करतात कधीकधी,
जीव खोल खाली नेऊन ठेवतात.
गरम बाटलीवर एकदम नको.
अंगाच्या उबेने. सावकाश.
खमीर उठवतेस ना, तसं.

स्वेटरच्या आत, काखेजवळ धरली तिला.
आम्ही दोघं जमिनीवर, एका पांघरुणात,
मध्ये फोन, चालूच.
पलीकडून पापूचं चाक ऐकू येत होतं.
पाऊण तास कोणी काही बोललं नाही.
मग एक मिशी हलली,
की माझाच श्वास होता तो?
मग ती मला चावली.
कडकडून, दोन दातांनी.
"चावली!" ओत्सो फोनमध्ये ओरडला,
जणू शाळेत पहिला आलाय.

वीज सातला आली.

दुपारी पिंजरा साफ केला.
सगळंच बदलायचं नाही,
थोडे जुने कपटे राहू द्यायचे,
नाहीतर त्यांना स्वतःचं घर ओळखू येत नाही.
तळाशी, कोपऱ्यात, तिची कोठी सापडली.
गालात भरभरून एकेक खेप आणलेली:
ओट, भोपळ्याच्या दोन बिया,
वाळून चामडं झालेली काकडी,
माझ्या पिठाच्या पोत्याची सुतळी,
आणि ओत्सोचा दुधाचा दात,
जो आम्ही सप्टेंबरभर शोधला,
गाद्या उलट्या करून.

दात धुतला, पुसला,
उजेडात धरून पाहिला,
आणि होता तिथेच परत ठेवला.
काय सांगावं,
मोजून ठेवलं असेल तिने.