पहाटे चार अडतीस

शारजात, अल नाहदाच्या सहाव्या मजल्यावर
माझं वय सेहेचाळीस, साखर काठावर,
आणि विम्याचा हप्ता
दरसाल भाड्याच्या खांद्याला खांदा लावून वाढणारा.
बायकोचा वेगळा. मुलीचा वेगळा.

यंदा विमा कंपनीने मनगटासाठी काळा पट्टा पाठवला.
रोज दहा हजार पावलं चाला,
हप्त्यात वर्षाला बाराशे दिरहम सूट,
शिवाय महिन्याला दोन कॉफ्या फुकट.
मी कोल्ड स्टोरेजचा हिशेबनीस.
खुर्ची ते प्रिंटर अकरा पावलं,
खुर्ची ते गाडी ऐंशी,
आणि ऑगस्टात बाहेर चालायचं म्हणजे
तव्यावरची शतपावली.
पहिल्या महिन्याची सरासरी एकोणीसशे.
मोबाइल म्हणाला, छान प्रयत्न.

खाली पार्किंगमध्ये पोशेट्टी गाड्या पुसतो.
निर्मलचा. आजोळ धर्माबाद,
म्हणून मराठी येतं, जरा मिरची लागलेलं.
रात्री दोन ते सकाळी आठ,
तीन तळघरं, बहात्तर गाड्या,
बादली, नळ, परत बादली.
मी म्हटलं, हे जरा बांधशील का रोज?
तो म्हणाला, बांधतो की, घड्याळच आहे ना.
महिन्याला चाळीस ठरले.
बाराशे वजा चारशे ऐंशी,
सातशे वीस मला उरत होते.

सोळा हजार. अठरा हजार. एकदा तर बावीस.
मला सोनेरी बिल्ला मिळाला.
एच. आर.च्या बाईंनी माझा फोटो लिफ्टपाशी लावला,
खाली लिहिलं, यांच्यासारखे चाला.
फुकटची कॉफी मी दोन चमचे साखर घालून प्यायलो.

मग ऑक्टोबरात एका सकाळी निरोप आला:
तुमचे हृदय अनियमित चालत आहे.
कृपया डॉक्टरांना भेटा.
हातातला घास हातात राहिला.
बायकोने न बोलता माझ्या शर्टाचं वरचं बटण काढलं.

डॉक्टर कोशींनी वायरी लावल्या, कागद निघाला,
पहिल्या बाकावरच्या मुलीच्या अक्षरासारखा नीटस.
ठणठणीत आहात, ते म्हणाले,
फक्त जरा चालत जा.

परतताना लिफ्टमध्ये निरोप पुन्हा वाचला.
कोपऱ्यात बारीक अक्षरांत वेळ होती,
पहाटे चार अडतीस.
चार अडतीसला मी घोरत असतो.

दुसऱ्या पहाटे खाली उतरलो.
तो एका पांढऱ्या पजेरोच्या काचेवर ओणवा.
छातीत काही होतं का रे तुला?
होतंय ना साहेब, बादली घेऊन उतार चढताना.
पण बसलो की बसतं.
मग बसत का नाहीस?
त्याने फडकं पिळलं.
पुढच्या गाडीकडे गेला.

त्याच्या कार्डावर ताप आहे, खोकला आहे,
हृदय नाही.
त्याचं हृदय आहे माझ्या कार्डावर,
माझ्या नावाने, माझ्या जन्मतारखेसकट,
आणि पुढल्या वर्षीच्या हप्त्यात
कंपनी ते मोजून घेईल.

कोशींकडेच नेला त्याला.
काउंटरवर आकडा सांगितला, साडेआठशे.
सातशे वीस गेले, वर एकशे तीस.
पेशंट तुमचा कोण?
मी म्हटलं, पावती द्या.

बाकावर आम्ही दोघं. अर्धा तास, पाऊण तास.
पट्टा अजून त्याच्याच मनगटावर.
इतका वेळ बसलेला त्याला
मी कधी पाहिला नव्हता. पट्ट्यानेही नसावा,
कारण तो थरथरला, आणि काचेवर
इंग्रजीत अक्षरं उमटली:
बराच वेळ बसून आहात. उठा, थोडं चाला.

पोशेट्टीने मनगट माझ्यापुढे धरलं.
काय म्हणतंय साहेब?

बस म्हणतंय, मी म्हटलं.