शिवण

आमोण्याच्या जेटीवर बार्ज मोडीत काढत होतो
तेव्हा ती आली. स्पेनची का, मी विचारलं.
नाही म्हणाली. मग चिखलाचं बोट घेऊन
बार्जच्या अंगावर रेघ ओढली:
इकडे फ्रान्स, इकडे स्पेन, मधे हा डाग.
डागावर बोट ठेवून म्हणाली, मी इथली.
बास्क. नाव ऐत्झिबेर. आमच्या तोंडात बसेना.
जानू गावस तिला 'आयतं बोर' म्हणायचा. ती हसायची,
कशाला ते न कळता.

तिला एक पत्रा हवा होता.
मी डेकवरचा चांगलासा बाजूला ठेवला.
ती वाकून तळाखाली शिरली
आणि जिथे रंगसुद्धा धरत नव्हता
तिथे खडूने चौकोन काढला, सहा बाय चार.

त्या चौकोनातून तिरकी गेलेली शिवण माझी होती.

वेल्डरला आपली शिवण ओळखते,
अक्षर ओळखावं तशी. हे अक्षर मला नको होतं.
कायतान होल्डमध्ये पडला, त्याला पुरलं,
त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती.
पात्रांवला बार्ज भरतीला पाण्यात हवी होती.
रॉड दमट, हात दमट,
मणी एकमेकांवर चढलेले,
मुंग्यांची रांग कोणी पुसल्यासारखे.
म्हटलं, बाई, ग्राइंडर फिरवतो, सपाट करून देतो.
तिने डिस्कवर तळवा ठेवला.
मशीन बंद होतं, पण तरी.

मग तिने केलं काय, तर काहीच नाही.
पत्रा साखळीने खांबाला टांगला,
निम्मा पाण्यात, निम्मा वर,
आणि येऊन बसायची. पहाटे, तिन्हीसांजेला.
वहीत भरतीची वेळ लिहायची, पाव खायची.
चाळीस दिवस.
तीस वर्षं गंज खरवडून मी पोट भरलं.
ही त्याला राखण बसली होती,
कणसं धरलेल्या शेताला बसावं तशी.

एकदा सुकतीला विचारलं, तुमच्याकडे गंज नसतो?
म्हणाली, आजा खाणीत होता.
डोंगर होता तो, बोटींत भरून इंग्रजांकडे गेला.
आता तिथे तळं आहे, पोरं बदकांना पाव घालतात.
म्हटलं, आमच्या पिसुर्ल्यातही तळं आहे.
बदकं नाहीत अजून.
लोखंडाला त्यांच्यात बुर्दिना म्हणतात.
गंजाला काय, ते तिने दोनदा सांगितलं,
दोनदा विसरलो.

पणजीला प्रदर्शन लागलं. जानू आणि मी गेलो.
भिंती इतक्या पांढऱ्या की चपला काढाव्यात का, कळेना.
समोर पत्रा.
पाण्याने आपली उधारी मांडलेली त्यावर,
रेघेखाली रेघ, शेंदरी, तपकिरी, खाली जांभळट काळी,
आणि सगळ्यांना कापत जाणारी ती.
गंज तिला शिवला नव्हता.
एक चष्मेवाला बायकोला सांगत होता,
ही नदी. बघ, इथे कशी अडखळते.

मी पुढे झालो. एक रॉड संपून दुसरा लावला
तिथे बारीक खळगा राहतो,
करंगळीचं टोक बसेल एवढा.
हात लावू नका, रखवालदार म्हणाला.
पोरगा मयेचा, ओळखीतला निघाला.
काका, बघा हवं तेवढं, म्हणाला. पण हात नको.

खाली चिठ्ठीवर छापलेलं:
लोखंड, मांडवी, चाळीस दिवस.
माझं नाव नव्हतं, मीच नको म्हटलं होतं.
कायतानचं तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच.
आताही ती पलीकडे माणसांत अडकलेली.
जानूने भर दालनात हाक मारली, आयतं बोर!
सगळे वळले. तिने लांबून हात केला.

डिचोलीची शेवटची बस आठला होती.
आठ वाजून गेले. मी खिशात हात घालून
मणी मोजत उभा.
एकशे बारापर्यंत आलो,
मग कोणीतरी दिवे घालवले.