ज्योत कधी काढायची

दोन तंतू घ्यायचे. केसाएवढे.
मधल्या बोटभर जागेवरचं प्लास्टिकचं कातडं सोलायचं,
स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं.
पुसताना बारीक किर्र वाजलं तरच स्वच्छ.
एक पीळ द्यायचा, घट्ट नाही.
मग खालून हायड्रोजनची ज्योत, उजेडात जवळजवळ न दिसणारी,
आणि दोन्ही टोकांनी ओढ,
पाकाची तार काढावी तशी.

हे मला शिकवलं थर्झा लस्कमने,
पेंटनच्या टेकडीवरच्या कारखान्यात,
तिसऱ्या ओळीत, सातव्या टेबलाशी.
त्याआधी ती ब्रिक्सहॅमच्या धक्क्यावर मासे साफ करायची.
मुलाखतीत साहेबाने विचारलं, नाजूक कामाचा अनुभव?
म्हणाली, वीस वर्षं बांगड्याचे काटे काढलेत,
अजून कुणाच्या घशात अडकल्याचं ऐकलं नाही.

टॅम्सिन, मीटरवर बघ, हाताकडे नको.
डावीकडे शंभर. उजवीकडे शून्य.
काच मऊ पडते, कंबर बारीक होत जाते
आणि इतका वेळ आपल्या घरात मुकाट बसलेला प्रकाश
भिंतीतून शेजारी झिरपायला लागतो.
नव्वद-दहा.
सत्तर-तीस.
निम्मे-निम्मे झाले की ज्योत काढायची.
एक शिंक, आणि कपलर भंगारात.

एका रात्रपाळीला मी काढलीच नाही.
सगळा प्रकाश उजवीकडे गेला, डावीकडे अंधार.
मी ओढत राहिले.
तर तो परत यायला लागला:
पाच, वीस, पंचेचाळीस...
थर्झा मागेच उभी. मला वाटलं आता बोलणी बसणार.
ती आकड्यांकडे बघत म्हणाली,
माझी बहीण आहे न्यूलिनला. मॉर्वेना.
आईचं घर विकलं त्याच्या पैशांवरून
अकरा वर्षं बोललो नाही आम्ही.
मला वाटायचं, तिकडे गेलं ते गेलं.
तेवढ्यात तार तुटली, आणि आम्ही दोघी
ओणवून, टॉर्च घेऊन, काचेचा तुकडा शोधत बसलो.
चपलेत गेला तर महागात पडतो.

पलीकडच्या खोलीत ग्रेटिंग करायचे.
पिवळ्या चष्म्याआडचा कीथ यो
जांभळ्यापलीकडच्या किरणांनी गाभ्यात रेघा मारायचा,
सेंटिमीटरभरात जवळजवळ एकोणीस हजार.
त्याचं काम दारवानाचं.
एका तंतूतून सोळा रंग येतात,
त्यातला एकही आपल्याला दिसत नाही.
एकाला तेवढं ओळखून उंबऱ्यावरून माघारी धाडायचं,
बाकी पंधरांना म्हणायचं, या, पुढे व्हा.
मी विचारलं, एवढीशी रेघ अडवते कशी?
तो म्हणाला, एकटी नाही अडवत.
एकेक रेघ कणभर ‘नको’ म्हणते.
हजारोंचं ‘नको’ एका ठेक्यात पडलं
की झाली भिंत.

फेब्रुवारीत यादी लागली, कँटीनच्या दाराला, चार पिनांनी.
जगाला एवढा प्रकाश नको होता म्हणे, निदान इतक्यात.
आमच्या ओळीत सोळा जणी.
इथे उलटं झालं. पंधरा माघारी,
एकच पुढे.
ती मी. माझा पगार सगळ्यांत कमी होता.

थर्झाने डबा, मग, बोळ्यांची अर्धी बाटली उचलली.
मला म्हणाली, स्पिरिट कंपनीचं आहे, बघितलं नाहीस.
वाकून माझ्या टेबलाची खुर्ची
तिच्या मापाला केलेली होती ती
माझ्या मापाला करून दिली, आणि गेली.

ऑगस्टमध्ये फोन आला.
आवाज न्यूलिनहून, मागे समुद्रपक्ष्यांचा कल्ला
आणि कुणीतरी भांडी आपटत होतं, मुद्दाम, ऐकू जाईल अशी.
हा आवाज वाटेत कुठेतरी
आम्हीच पिळलेल्या काचेतून वाटला जाऊन आला असेल,
किंवा नसेलही. कोण सांगणार.

मीटर काय म्हणतो, मी विचारलं.

थोडा वेळ नुसती भांडी.
बारा-अठ्ठ्याऐंशी, ती म्हणाली.
पण ज्योत आहे खाली.
आणि हे बघ, ठेवते आता,
बांगडे आलेत, तिला काटे काढता येत नाहीत.